आवाजाआधी धूर

माझ्या भावाला पहिला मार पडला तो हरला म्हणून नव्हे, जिंकला म्हणून. शाळेच्या शर्यतीत तो पहिला आला होता. दुसरा आलेला मुलगा इतका मागे होता की बघणारे हसायला लागले. दादा पदक गळ्यात घालून घरी आला, आईने त्याला पोटाशी धरलं, आणि बाबांनी विचारलं, "वेळ किती लागला?" दादाला माहीत नव्हतं. बाबांना माहीत होतं, कारण ते मैदानाच्या कडेला स्टॉपवॉच घेऊन उभे होते. त्यांनी दार लावून घेतलं, खिशातून मशीनच्या तुटक्या बेल्टचा हातभर तुकडा काढला आणि पोराला पदकासकट झोडपलं. पदकाची कडा लागून दादाची हनुवटी फाटली.

"पहिला आलो ना, बाबा," तो रडत म्हणत होता.

"वासरात लंगडी गाय शहाणी," बाबा म्हणाले. "त्याला काय पळणं म्हणतात?"

आईने मोरीतला नळ पूर्ण सोडला. आमच्या क्वार्टरच्या भिंती पातळ होत्या, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून ती नळ सोडायची. आमच्याकडे पाणी फार लागतं असं शेजारणी म्हणायच्या.

बाबांचा विक्रम कळल्याशिवाय आमचं घर कळायचं नाही, म्हणून आधी तो सांगते. बाबा काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात फिटर होते. कारखान्यामागे मैदान होतं आणि त्यावर बॉयलरची राख दाबून केलेला काळा ट्रॅक. दादाच्या जन्माआधी एका वर्षी वार्षिक खेळांच्या दिवशी बाहेरचे पंच आलेच नाहीत, त्यांची गाडी वाटेत बंद पडली. साहेब म्हणाले, आता वेळ कोण बघणार? कोणीतरी म्हणालं, आपला टाइमकीपर आहे की. हा माणूस गेटवरच्या खोपटात बसायचा आणि भोंगा थांबल्यावर ज्याचा पाय आत पडेल त्याला उशिराचा शेरा मारायचा. सख्ख्या मेव्हण्यालाही त्याने कधी सोडलं नव्हतं. त्याला शंभर मीटरच्या शेवटच्या रेषेवर खुर्ची दिली आणि हातात घड्याळ दिलं. बाबा अनवाणी धावले, पहिले आले, आणि टाइमकीपरने जी वेळ सांगितली ती ऐकून साहेबसुद्धा उठून उभे राहिले.

ही गोष्ट बाबा सांगायला लागले की आम्हाला जेवण थांबवून ऐकावी लागायची. त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका भाग टाइमकीपरचा. "तो डोळे मिटून बसला होता," बाबा म्हणायचे. "जिवाचा कान करून. भोंग्याला बसायचा तसाच. बंदूक वाजली की बोट दाबलं. धावणारे अर्ध्यावर आल्यावर मग त्याने डोळे उघडले. इतका काटेकोर माणूस मी पाहिला नाही." कारखान्यातल्या लोकांनी बाबांचं नाव गोळी ठेवलं. कँटीनच्या भिंतीवर पाटी लागली, तिच्यावर बाबांचा आकडा. तो आकडा मी इथे सांगणार नाही. आमच्या घरात तो इतक्या वेळा ओरडून झालाय की मला तो उच्चारवत नाही.

एक गोष्ट बाबा कधी सांगत नसत, ती आईने मला सांगितली. त्यानंतर बाबा जिथे जिथे धावले तिथे त्यांना तो आकडा पुन्हा गाठता आला नाही. त्यांनी बुटांना दोष दिला, वाऱ्याला दिला, लग्नाला दिला. शेवटी धावणं सोडलं आणि मुलगा व्हायची वाट बघितली.

दादा चालायला लागला तोच पळायला लागला. ह्यात बाबांची मेहनत काही नव्हती, पोराचे पायच तसे होते. शाळेच्या त्या शर्यतीनंतर बाबा त्याला रोज ट्रॅकवर न्यायला लागले. कारखान्याची बंदूक वर्षातून एकदाच कुलपातून निघायची, म्हणून सराव हाताच्या इशाऱ्यावर. बाबा शेवटच्या रेषेवर उभे राहायचे, एका हातात घड्याळ, दुसरा हात वर. हात खाली आला की घड्याळ सुरू आणि दादाने सुटायचं. "पळू नकोस, हाण," ते ओरडायचे. "जमिनीला हाण." वेळ मनासारखी आली नाही की बेल्ट पोटऱ्यांवर. वेळ मनासारखी कधीच येत नसे. मार खाऊन सुजलेल्या पायांनी पुन्हा धावायचं, मग वेळ आणखी वाईट यायची, मग पुन्हा बेल्ट. राखेवर पडला की गुडघे सोलून निघायचे आणि राख कातडीखाली राहायची. दादाच्या गुडघ्यांवर निळेकाळे ठिपके आहेत, ते मेल्यावरच जातील.

मी मध्ये पडले की मलाही प्रसाद मिळायचा. एकदा बाबांनी मला बाजूला ढकललं ती मी दाराच्या कडीवर आपटले आणि मनगट मोडलं. त्या दिवशी दादा पहिल्यांदा त्यांच्या अंगावर गेला. बाबांनी त्याच्या पोटात गुडघा घातला आणि शांतपणे म्हणाले, "हा राग मैदानावर का नाही दिसत?" मला वाटतं बाबांना मारताना राग येतच नसे. राग येऊन मारणारा माणूस दमून थांबतो. बाबा थांबायचे ते घड्याळ बघून.

कारखान्यातली माणसं तशी वाईट नव्हती, पण जिभेला हाड नसतं. त्यांनी दादाचं नाव छर्रा ठेवलं. गोळीच्या पोटी छर्रा. एके दिवशी कँटीनमध्ये एका पॅकरने दादासमोर ते म्हटलं. दादा तेव्हा सतरा वर्षांचा असेल. त्याने स्टीलचा जग उचलला आणि त्या माणसाच्या तोंडावर घातला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या टेबलावर ऐकू गेला. पॅकर खाली पडल्यावरही दादा थांबला नाही, चार जणांनी त्याला ओढून काढलं. पाटी तिथेच वर होती, बाबांच्या आकड्याची. बाबांना साहेबांनी बोलावून घेतलं, आणि बाबा घरी येऊन म्हणाले, "हात चांगला चालतो याचा. पायांचं तेवढं बघा."

दादा हरत नव्हता हे लक्षात घ्या. आसपासच्या कुठल्याही शर्यतीत त्याच्यापुढे कोणी नसायचं. बाहेरच्या मैदानांवर पंच असायचे, मोठ्या स्पर्धांना विजेवर चालणारं घड्याळ असायचं. सगळीकडे तो पहिला यायचा आणि सगळीकडे बाबांच्या आकड्याच्या मागे राहायचा. केवढासा मागे, डोळ्याचं पातं लवतं तेवढा. पण कधी बरोबरी म्हणून नाही. बाबा म्हणायचे, तू पायांची चोरी करतोस. अंगात आहे आणि काढत नाहीस. सगळं सहन होतं, पण हे ऐकून ऐकून पोराला ते खरं वाटायला लागलं. तो स्वतःच स्वतःच्या मांड्यांवर बुक्क्या मारायचा. मी त्याचे हात धरायचे तर म्हणायचा, "सोड, मी कामचोर आहे."

तो वीस वर्षांचा असताना निवड चाचणी ठरली. ती जमली असती तर सरकारी नोकरी, वेगळं गाव, वेगळी खोली. म्हणजे बाबांच्या हाताबाहेर. आईने त्याच्यासाठी गुपचूप बॅगसुद्धा भरून ठेवली होती. चाचणीच्या आठवडाभर आधी सरावात त्याच्या मांडीमागे काहीतरी टचकन झालं. बाबा ड्यूटीवर होते तेव्हा मी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, स्वतः धावणारे. त्यांनी मांडी दाबली तसा दादाने टेबलाची कड घट्ट धरली.

डॉक्टर म्हणाले, "हे बघ, जोरात धावताना पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाचा दहावा हिस्सा, त्याहून जास्त नाही. तेवढ्या वेळात तुझ्या वजनाच्या चौपट-पाचपट दणका बसतो. पाय हवेत भराभर फिरवणं सगळ्यांनाच जमतं. वेगवान कोण, तर जो त्या एवढ्याशा वेळात जमिनीला सगळ्यात जोरात मारतो. आणि जमीन कोणाची भीडभाड ठेवत नाही, प्रत्येक लाथ परत देते. कधीतरी त्या लाथेपुढे मांसच टिकत नाही. ती माणसाची हद्द. तुझी मागची शीर आत्ता त्या हद्दीवर उभी आहे. धावलास तर तुटेल."

बाबांना कळलंच. ते संध्याकाळी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांची कॉलर धरली. मी पायरीवरून बघत होते. "हद्द शेताला असते," ते म्हणाले, "माणसाला नसते." डॉक्टरांनी त्यांचा हात झटकला तेव्हा त्यांनी टेबलावरची काचेची बरणी उचलून भिंतीवर फोडली. कापसाचे बोळे सगळीकडे पसरले आणि रांगेतली म्हातारी माणसं उठून बाहेर पळाली.

चाचणीला बाबा स्वतः दादाला घेऊन गेले. मीही गेले. बंदूक वाजली आणि दादा सुटला. पहिला अर्धा भाग मी जन्मात विसरणार नाही. तसं धावताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. बाकीचे धावत होते आणि तो जमिनीचा सूड घेत होता. मग साठेक मीटरवर त्याचा उजवा पाय मागे गेला तो पुढे आलाच नाही. आवाज आला, ओला दोर तुटावा तसा. तो हवेत अर्धा वळला आणि तोंडावर पडला, आणि वेग इतका होता की पडल्यावरही बराच घसरत गेला. मांडीमागची शीर हाडापासून सुटून वर गोळा झाली होती. चड्डीखाली तो गोळा बाहेरून दिसत होता.

बाबा कुंपण ओलांडून आत गेले. मला वाटलं पोराला उचलायला गेले. त्यांनी त्याच्या बरगडीत लाथ घातली. "ऊठ," ते म्हणाले, "अजून चाळीस राहिलेत, ऊठ." दादा खरंच उठायला लागला. एका पायावर, दोन्ही हात मातीत रोवून. रुग्णवाहिकेच्या माणसाने बाबांना मागून मिठी मारली तर बाबांनी त्याच्या हाताचा असा चावा घेतला की रक्त आलं. शेवटी दोन पंच आणि एक भालाफेकवाला त्यांच्या छातीवर बसले. मी तिथे उभी राहून सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हटलं की ह्या माणसाला मारून टाका. मला अजूनही त्याची लाज वाटत नाही.

दादा बरा झाला, म्हणजे चालायला लागला. एक पाय ओढत. एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्याला फोर्कलिफ्ट चालवायचं काम मिळालं. थंडीत मांडी आखडायची, आणि आखडली की तो ज्याच्यावर चिडेल त्याची खैर नसे. एकदा त्याने एका हमालाचा हात दाराच्या फटीत दाबून धरला, का, तर तो सावकाश चालतो म्हणून. लग्न झालं. वहिनी शांत बाई, सहा महिन्यांत आणखी शांत झाली. बाबा अर्धांगवायूने गेले. शेवटच्या दिवसांत त्यांची वाचा गेली होती, दादाच त्यांचं हगणंमुतणं काढायचा. लोक म्हणायचे, केवढा गुणी मुलगा. एकदा त्यांना पुसताना तो मला म्हणाला, "बाबा चुकले नव्हते गं. माझ्यातच खोट होती. अंगात होतं, मी काढलं नाही." मी त्याला सांगितलं की तू गाढव आहेस. पण तो ते मनापासून बोलत होता, आणि बेल्टच्या सगळ्या वळांपेक्षा मला ते जास्त लागलं.

दादाला मुलगी झाली. पायाला भिंगरी बांधल्यासारखी घरभर फिरायची, म्हणून नाव पडलं भिंगरी. मी तिची एकुलती एक आत्या. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे माझे सगळे लाड तिच्या वाट्याला. ती अकराची झाली तेव्हा वहिनीने मला फोन केला. "ताई, एकदा येऊन पोरीची पाठ बघून जा," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गेले. मोरीत नेऊन भिंगरीचा फ्रॉक वर केला. मी एका मोठ्या इस्पितळाच्या लॉन्ड्रीत सुपरवायझर आहे, रोज कोणाकोणाचं रक्त लागलेल्या चादरी हाताळते, मला कशाने शिसारी येत नाही. तिथे मला आली. पोटऱ्यांवर, मांड्यांवर, पाठीवर, जुने पिवळे वळ आणि त्यांच्यावर नवे लाल. आणि गुडघ्यात राख.

"बाबा म्हणतात मी काढत नाही," ती मला म्हणाली. "आत्या, काय काढायचं असतं?"

मी दादाला जाब विचारला. तो जेवत होता. "आजोबांचा आकडा तिने मोडायचा," तो म्हणाला. "माझ्याकडून राहिला."

"अरे ती मुलगी आहे. पुरुषाचा आकडा ती कसा गाठणार?"

"हद्द शेताला असते," दादा म्हणाला.

मी त्याचं ताट उचलून भिंतीवर फेकलं. तो उठला आणि त्याने मला गळ्याशी धरून कपाटावर आपटलं. कपाटाचा आरसा माझ्या पाठीमागे तडकला. वहिनी आत गेली आणि तिने नळ सोडला. हे तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही. आई तर ती यायच्या आधीच गेली होती.

पोलिसात गेले. हवालदार म्हणाले, बाप आहे, खेळाडू घडवतोय, ठोकल्याशिवाय भांडं होतं का? शाळेत गेले. बाई म्हणाल्या, जिल्ह्यात पहिली येते हो ती. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडले. भिंगरीचा पाय कधी तुटतो एवढंच आता बघायचं राहिलं होतं.

त्याच महिन्यात इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांचे खेळ होते. लॉन्ड्रीतल्या बायकांनी मला पुढे ढकललं, ताईंच्या घरात सगळे धावणारे, ताईंना घड्याळ द्या. मला शंभर मीटरच्या शेवटाला उभं केलं. पंच म्हणून एक निवृत्त खेळशिक्षक होते, कुरकुऱ्या म्हातारा. पहिल्या शर्यतीनंतर त्यांनी माझं घड्याळ बघितलं, स्वतःचं बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्ही कशावर बटण दाबलंत?"

"बंदुकीवर."

"बंदुकीच्या आवाजावर ना? आवाज तिथून इथे चालत येतो, त्याला वेळ लागतो. डोळे उघडे ठेवा, कान बंद. धूर दिसला की दाबा. तुमच्या घड्याळावर तो वॉर्डबॉय हरीण झालाय."

"कितीचा फरक पडतो?" मी विचारलं. 

"तीन दशांश सेकंद. म्हणजे तीन मीटर फुकटात."

पुढच्या शर्यतीला मी डोळे उघडे ठेवले. दूर तिकडे पंचांच्या मदतनिसाच्या हातावर पांढरा धूर उठला, धावणारे हलले, आणि मग आवाज आला. अगदी स्पष्ट, मग. मी घड्याळ दाबलंच नाही. डोळे मिटून, जिवाचा कान करून बसलेला टाइमकीपर मला दिसत होता. आयुष्यभर भोंगा ऐकून शेरा मारलेला माणूस, दुसऱ्या कशावर बोट दाबणार? त्याने लबाडी केली नव्हती, त्याने त्याचं काम केलं होतं. आणि दादा आयुष्यभर बंदुकीच्या शेजारी उभा राहिला. धूर आणि आवाज यांच्यातली फट धावणाऱ्याला कळतच नाही, ती फक्त दुसऱ्या टोकाच्या माणसाला कळते. बाबा दुसऱ्या टोकाला असायचे तेव्हा बंदूकच नसायची, हात असायचा. बाबांचा आकडा कोणीच गाठू शकत नव्हतं, बाबासुद्धा नाही, कारण बाबा तसे कधी धावलेच नव्हते.

मी घड्याळ त्या म्हाताऱ्याच्या हातात कोंबलं आणि तशीच रिक्षा करून कारखान्याच्या मैदानावर गेले. आज रविवार, दादा आणि भिंगरी तिथेच सरावाला असणार. मला वाटलं, संपलं आता सगळं, पोर सुटली.

दादा शेवटच्या रेषेवर उभा होता. भिंगरी लांब दुसऱ्या टोकाला, ओणवी, पाठ हलत होती तिची. मी धापा टाकत त्याला सांगितलं. टाइमकीपर, भोंगा, धूर, आवाज. आधी तो वैतागला, मग ऐकायला लागला, मग त्याने मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दादाला आपल्या प्रत्येक शर्यतीची वेळ तोंडपाठ होती. तो ओठांतल्या ओठांत वजाबाकी करायला लागला, आणि मग राखेवर खालीच बसला.

"म्हणजे मी त्यांच्या पुढे होतो," तो म्हणाला.

"कधीपासूनच."

"अठरा वर्षांचा असल्यापासून."

"हो रे दादा."

तो रडला. एवढा मोठा माणूस, तोंडावर हात घेऊन, राखेत बसून. मीही रडले. त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर त्याने तो धरून ठेवला. "मी चोर नव्हतो," तो म्हणाला. मी म्हटलं, नव्हतास. कितीतरी वेळ आम्ही तसे बसलो होतो, लहानपणी मार खाऊन झाल्यावर बसायचो तसे. मला वाटलं माझा भाऊ मला परत मिळाला.

मग त्याने बाहीने तोंड पुसलं आणि उभा राहिला. त्याचा चेहरा उजळला होता. "बघ ना," तो म्हणाला, "बाबांनाही जमलं नव्हतं ते मी कशावर काढलं? मारावर. मार खाल्ला म्हणून निघालं. म्हणजे बाबांचं गणित चुकलं, पद्धत बरोबर होती."

मला क्षणभर कळलंच नाही तो काय म्हणतोय. तोवर तो दुसऱ्या टोकाकडे वळून ओरडत होता. "भिंगरे, ऐक. आजोबांचा आकडा रद्द. आता माझा मोडायचाय. माझा खरा आहे." आणि त्याने हात वर केला.

मी तो हात धरला. दोन्ही हातांनी, लोंबकळलेच म्हणा. मी म्हटलं, नाही खाली येऊ देणार. त्याने दुसऱ्या हाताने, घड्याळ मुठीत धरलेल्या हाताने, माझ्या तोंडावर ठोसा मारला. ओठ दातांवर फाटला. मी हात सोडला नाही. त्याने पुन्हा मारलं, भुवईवर, आणि डोळ्यात रक्त उतरलं. मी त्याच्या दुखऱ्या मांडीवर गुडघा मारला, जीव खाऊन, जिथे तो गोळा होता तिथे. तो किंचाळला आणि आम्ही दोघं पडलो. मग तो माझ्या छातीवर होता आणि माझं डोकं राखेवर आपटत होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता. बाबांच्या नसायचा तसाच.

तेव्हा मला पावलं ऐकू आली. आडवी पडून, एका डोळ्याने, मी तिला येताना पाहिलं. कोणी हात खाली केला नव्हता. तिने सुटायचं आपलं आपण ठरवलं होतं. मी ह्या घरात जन्मले, धावणं मला कळतं. तसं कोणी धावताना मी पाहिलं नव्हतं, चाचणीच्या दिवशीसुद्धा नाही. तिचे पाय जमिनीला लागत होते की नाही असं वाटत होतं, पण जमीन माझ्या कानाखाली होती आणि प्रत्येक दणका मला लागत होता. अकरा वर्षांची पोर आत्याला वाचवायला येत होती. ती येऊन त्याच्या पाठीवर तशीच आदळली आणि तिघंही लोळलो.

मी उठून बसले. ती माझ्यापुढे उभी राहिली, दोन्ही हात पसरून, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. दादा गुडघ्यावर होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. मुठीतलं घड्याळ बघत होता. ते सुरूच झालेलं नव्हतं.

त्याने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. "हेच," तो म्हणाला, "हेच म्हणत होतो मी. आहे तुझ्यात. जा, रेषेवर जा. पुन्हा एकदा, असंच."

आणि भिंगरी वळली. माझ्या रक्ताकडे एकदा बघितलं तिने, पसरलेले हात खाली घेतले, आणि दुसऱ्या टोकाकडे चालायला लागली. चार-पाच पावलं गेलीसुद्धा. मी मागून झडप घालून तिची वेणी पकडली आणि तिला तशीच ओढत फाटकाकडे नेलं. तिला लागत होतं, ती ओरडत होती, सोड आत्या, बाबा थांबलेत. रस्ता लागला, रिक्षा मिळाली, रिक्षा सुरू झाली, तरी मी वेणी सोडली नाही.